मूल घरातून काढा, म्हणजे ते सुधारेल : एका वसाहती कल्पनेचा ठाणे जिल्ह्यातील मुक्काम

१/
कॅनडातील निवासी शाळांची किंवा ऑस्ट्रेलियातील ‘चोरलेल्या पिढ्यां’ची छायाचित्रे मराठी समाजमाध्यमांवर फिरू लागली की त्यांखाली एक वाक्य हमखास उमटते : गोऱ्यांनी तिथे आदिवासींची मुले आईबापांपासून तोडली, आपल्याकडे असले काही कधी झाले नाही. हे वाक्य खोटे आहे. ज्या कायद्याने ते खोटे ठरते तो मुंबई इलाख्यात जवळपास चार दशके लागू होता, आणि त्या कायद्यामागची कल्पना कल्याण स्थानकापासून तासाभराच्या अंतरावर आजही सुखाने नांदते आहे.

२/
१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बहुतेकांना नावाने ठाऊक असतो. जन्मानेच माणूस चोर ठरवणारा कायदा, एवढी त्याची ओळख पुरेशी मानली जाते. त्यातील मुलांविषयीचा भाग मात्र सहसा कोणी वाचत नाही. १८९७ च्या दुरुस्तीने प्रांतिक सरकारांना या जमातींच्या ४ ते १८ वर्षांच्या मुलग्यांसाठी आईबापांपासून वेगळ्या सुधारवसाहती काढण्याचा अधिकार दिला. १९११ च्या सुधारित कायद्याचे १७ वे कलम आणखी स्पष्ट बोलते. सरकारने औद्योगिक, शेतकी वा सुधारशाळा काढाव्यात आणि अधिसूचित जमातींची मुले आईबापांपासून अथवा पालकांपासून विलग करून त्यांत ठेवावीत. मूल म्हणजे कोण? सहा वर्षांहून मोठे आणि अठरांहून लहान असे कोणीही. वयाविषयी वाद झाला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याचा शब्द अखेरचा.

३/
या कलमात मुलाने काही अपराध केला असण्याची अट नाही. आईबापांनी मुलाला उपाशी ठेवले, मारले, टाकून दिले, असेही काही सिद्ध करावे लागत नाही. जमातीचे नाव राजपत्रात असणे, एवढाच पुरावा. १९११ चा हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९१५ मध्ये, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने आपला मूलनिवासी संरक्षण कायदा बदलला आणि तेथील मंडळाला न्यायालयाची पायरी न चढता मुले उचलण्याची मुभा दिली. साम्राज्य एकच, दशक एकच, आणि युक्तिवादही एकच : मुलाचे भले त्याच्या आईपासून दूर आहे.

४/
दोन्ही इतिहास तंतोतंत सारखे होते असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ऑस्ट्रेलियात मिश्र वंशाची मुले गोऱ्या समाजात विरघळवून टाकण्याचा हेतू उघड होता. इथे हवी होती ती मजुरी आणि शिस्त. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग येथील तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत कैकाडी, पारधी अशा जमातींची कुटुंबे आणून ठेवली गेली. सोलापुरात त्यांचे हात गिरण्यांना मिळाले. इलाख्याबाहेर अशा अनेक वसाहती साल्व्हेशन आर्मीच्या हाती होत्या. वसाहतीची भाषा रुग्णालयाची होती. प्रौढ माणूस असाध्य रोगी. मूल तेवढे वेळीच वेगळे काढले तर वाचेल.

५/
आता एक नाव लक्षात ठेवावे : ओ. एच. बी. स्टार्ट. मुंबई इलाख्यातील या वसाहतींची व्यवस्था उभारणारा हा अधिकारी. याच स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये सरकारने ‘दलित वर्ग व मूलनिवासी जमाती समिती’ नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ठक्करबाप्पा आणि डॉ. पी. जी. सोळंकी हे तिचे सदस्य. १९३० मध्ये तिचा अहवाल आला. त्या अहवालाने शिक्षणाचे दरवाजे उघडण्यास जे साहाय्य केले ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रशासनाच्या दप्तरात ‘गुन्हेगार’ ठरवलेले मूल आणि ‘मूलनिवासी’ मूल ही दोन्ही एकाच टेबलावर आली, हा तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये. इंग्रजीत ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींसाठी जो शब्द, तोच त्या काळी ठाण्याच्या वारल्या-कातकऱ्यांसाठी सरकारी कागदांत होता. १९३०च्या दशकाअखेरचा डी. सिमिंग्टन यांचा प्रसिद्ध अहवालही त्याच शब्दाने सुरू होतो.

६/
ठाणे जिल्ह्यातील आदिवासी घर मोडण्यासाठी सुधारशाळेची गरज नव्हती. त्यासाठी सावकार पुरेसा होता.

कातकऱ्यांचे नावच मुळी खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडले. १८७८ च्या वन कायद्याने जंगल राखीव झाले, खैर सरकारचा झाला, दळीची शेती आकसत गेली. जंगलातून उतरलेला माणूस गवत कापण्यासाठी, कोळसा पाडण्यासाठी, शेत नांगरण्यासाठी जमीनदाराच्या दारात उभा राहिला. डहाणू-उंबरगाव पट्ट्यात वारल्यांची स्थिती याहून बिकट झाली. तिथली ‘लग्नगडी’ पद्धत अशी : तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने आयुष्यभर त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे. जन्मलेली मुलेही मालकाच्या गुरांमागे जात. लग्न हेच दास्याचे कारण ठरणारी ही व्यवस्था होती. त्या घरात बाप होता, आई होती, मूल होते. मात्र त्या मुलाविषयी आईबापांचा शब्द चालत नव्हता.

७/
जानेवारी १९४५. कल्याण तालुक्यातील टिटवाळा, जिथे आज लोक गणपतीच्या दर्शनाला लोकलने जातात. तिथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याला काही वारली आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर पुढे त्यांच्या मुलखात गेले. मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी बंद झाल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले.

८/
या लढ्याची नोंद शेतकरी चळवळीच्या इतिहासात होते, मजुरीच्या दराच्या इतिहासात होते. बालकल्याणाच्या इतिहासात तो कोणी धरत नाही. वास्तविक ठाणे जिल्ह्यात विसाव्या शतकात मुलांच्या हिताचे याहून मोठे काम दुसरे झालेले नाही. शेकडो वाड्या-पाड्यांवर मूल पुन्हा आईबापांचे झाले, आणि ते आईबापांनीच करून दाखवले. तिथे कोणी अनाथालय काढले नव्हते. घराच्या मानेवरचा पाय तेवढा निघाला. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी केवळ क्रांतीची कथा म्हणून वाचले असेल, त्यांनी ते एकदा कुटुंबाची कथा म्हणून वाचून पाहावे.

९/
त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, संपूर्ण वेगळ्या प्रकृतीची एक बाई आली. ताराबाई मोडक. भावनगरच्या गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम केलेल्या, माँटेसोरीच्या विचारांत मुरलेल्या. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तोवर हे सगळे ठाणेच.)

१०/
ताराबाईंसमोरची अडचण प्रत्येक सुधारकासमोर होती तीच. शाळा आहे, मुले येत नाहीत. या अडचणीचे सरकारी निदान ठरलेले : आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी मुले कुठे आहेत ते जाऊन पाहिले. मोठी गुरांमागे होती. त्यांच्याहून थोडी लहान, विशेषतः मुली, धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन बसल्या होत्या, कारण आई मजुरीला गेलेली.

मग शाळा कुरणात गेली. गुरे चरत असताना तिथेच शिक्षण; नाव पडले कुरणशाळा. बालवाडी पाड्याच्या अंगणात गेली. आणि ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकाच छपराखाली आले, जेणेकरून ताई वर्गात बसेल आणि तिच्या कडेवरचे बाळ शेजारच्या पाळण्यात. आईला मजुरी सोडावी लागली नाही, मुलीला भावंड सोडावे लागले नाही, आणि मुलाला घर सोडावे लागले नाही. ज्या अंगणवाडीला आज सारा देश २ ऑक्टोबर १९७५ च्या केंद्रीय योजनेमुळे ओळखतो, तिच्या मुळाशी ठाण्याच्या किनाऱ्यावरचा हा प्रयोग आहे.

११/
म्हणजे १९५०च्या दशकात महाराष्ट्रापुढे दोन नमुने ठेवलेले होते. एकात शाळा मुलाकडे जाते. दुसऱ्यात मूल शाळेकडे नेले जाते आणि तिथेच ठेवले जाते. राज्याने अंगणवाडीपुरता पहिला स्वीकारला आणि सहाव्या वर्षानंतर दुसरा. आश्रमशाळा पहिलीपासून मूल घेते. सहा वर्षांचे मूल. १९११ च्या कायद्यातील वयाची खालची मर्यादा तीच होती हा योगायोग असेल. शाळेत जाण्याचे वय जगभर साधारण तेच असते. पण शाळेत जाण्याचे वय हेच घर सोडण्याचे वय का व्हावे, हा प्रश्न त्या योगायोगाने पुसला जात नाही.

१२/
इथे आक्षेप येणारच, आणि तो पोकळ नाही. आश्रमशाळेत कोणी मूल जबरीने नेत नाही. आईबाप स्वतः दाखला घेऊन येतात. दिवाळीत आणि मे महिन्यात मुले घरी जातात. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले, बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ काढले, त्यांच्या मनात कुंपण नव्हते, करुणा होती. आश्रमशाळेत शिकून शिक्षक, परिचारिका, अधिकारी, आमदार झालेली माणसे शहापूर-मुरबाड-जव्हारमध्ये आहेत. ही सगळी विधाने खरी आहेत. आश्रमशाळेला कॅनडाची निवासी शाळा म्हणणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल.

१३/
तथापि संमती कोणत्या परिस्थितीत दिली जाते हेही इतिहासाचेच काम. ज्या पाड्यावर चौथीपुढे शाळा नाही, जिथे दिवाळीनंतर चूल पेटवायला धान्य उरत नाही, तिथला बाप मुलाला आश्रमशाळेत ‘पाठवतो’ तेव्हा त्याने दोन पर्यायांतून एक निवडलेला नसतो. आश्रमशाळेत दोन वेळचे जेवण आहे, म्हणून मूल तिथे आहे. सुखवस्तू घरातील मूल सहाव्या वर्षी वसतिगृहात ठेवले तर नातेवाईक आईला जाब विचारतात. डोंबिवलीतील शाळा घरापासून तीन किलोमीटरवर असली तर पालक स्कूलबसची चौकशी करतात, वसतिगृहाची नव्हे. आदिवासी मुलासाठी मात्र विरह ही शिक्षणाची नैसर्गिक किंमत मानली जाते.

आणि त्या विरहात कधी काय घडते? २०१६ मध्ये आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्या व्यवस्थेला मुलांच्या मृत्यूंचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो, तिने पाड्यावरच्या आईला ‘जाणीव नाही’ असे म्हणण्याआधी थोडे थांबावे.

१४/
भाषेचे नुकसान तर कोणी मोजतही नाही. कातकऱ्यांची काथोडी बोली, वारली बोली, ठाकरांची बोली यांना शाळेत ‘अशुद्ध मराठी’ हे एकच नाव. मूल सुटीत घरी येते ते आजीच्या बोलण्यावर हसायला शिकून. मराठीच्या अभिजात दर्जाचा उत्सव करणाऱ्यांनी याचाही कधी विचार करावा.

१५/
आता कल्याण-भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्या. लाल विटांनी वाढलेल्या या महानगराच्या काठावर, उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यांत, दिवाळीनंतर भट्ट्या सुरू होतात आणि पावसाच्या तोंडावर थंडावतात. काम करणारी कुटुंबे बहुतांश कातकरी, म्हणजे केंद्र सरकारने महाराष्ट्रात विशेष दुर्बळ मानलेल्या तीन आदिवासी गटांपैकी एक. उरलेले दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळ्यात घरात काही नसते तेव्हा उचल घेतली जाते. ती फेडायला कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर येते. मजुरी हजार विटांवर, आणि ती माणसाला नव्हे, नवराबायकोच्या जोडीला. पहाटेच्या अंधारात चिखल, मग साचा, मग थापणी. ओल्या विटा उलटण्याचे काम मुलांचे, कारण मोठ्या माणसाच्या पायाखाली त्या मोडतात. बापाच्या हिशेबात मुलाचे नाव कुठेच नसते; त्याचे श्रम मात्र हजारात मोजलेले असतात.

१६/
इथेच या विषयाची खरी गाठ आहे, आणि आदिवासी कुटुंबाविषयी हळवेपणाने लिहिणारे ती टाळतात. मूल आईबापांसोबत राहिले तर ते भट्टीवर जाते. शाळेत राहिले तर आईबापांविना राहते. ‘कुटुंब अखंड ठेवा’ ही घोषणा भट्टीवर पोहोचली की तिचा अर्थ बालमजुरी असा होऊ शकतो. म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली, आणि गावातच आजीकडे मूल ठेवून त्याच्या जेवणाची सोय करण्याची कल्पनाही पुढे आली. त्यांतील दुसरी पहिलीपेक्षा निःसंशय बरी, कारण आजी हीदेखील घरच.

१७/
याच गाठीवर ठाणे जिल्ह्याने १९९०च्या दशकात स्वतःचे उत्तर शोधले होते. भट्टीवरच्या मजुराच्या कच्च्या विटांच्या खोपटाला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने त्या भोंग्यांच्या रांगेतच शाळा उभ्या केल्या आणि त्यांना नाव दिले भोंगाशाळा. कुरणशाळेची ही धाकटी बहीण. या कामामागची माणसे श्रमजीवी संघटनेची, ज्यांनी १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा आधार घेऊन आदिवासींना मालकांच्या कर्जातून सोडवले होते. शाळा आणि कर्जमुक्ती एकाच हातांनी व्हावी, हे अपघाताने घडले नाही. उचल कायम ठेवून भरवलेली शाळा म्हणजे दर हंगामात तेच मूल पुन्हा मोजणे.

१८/
कर्ज सैल सोडले की काय होते हे २०२२ मध्ये दिसले. इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले काही हजार रुपयांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली गेल्याचे एका लहानग्या मुलीच्या मृत्यूनंतर उजेडात आले. वृत्तपत्रांचे मथळे होते : आईबापांनी मुले विकली.

‘विकली’ हे क्रियापद सोपे आहे. त्यात कर्ता ठरलेला असतो, आणि तो नेहमी बाप असतो. कर्ज देणारा, रेशनकार्ड न देणारा, वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे पडून ठेवणारा, रोजगार हमीचे काम न काढणारा : यांपैकी कोणीही त्या वाक्यात मावत नाही. १९३८ च्या सुमारास याच आदिवासींच्या दास्याविषयी सरकारी अहवाल लिहिला गेला होता. त्याला आठ दशकांहून अधिक काळ लोटला.

१९/
दुसरे टोक त्याहून क्रूर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अफवा होती मुले पळवणाऱ्या टोळीची. ज्या भटक्यांविषयी ‘यांची मुले यांच्यापाशी नकोत’ असे कायदा एकेकाळी म्हणत होता, त्यांच्याच जातकुळीतले लोक दुसऱ्यांची मुले चोरणारे ठरून मेले. गुन्हेगार जमाती कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. विमुक्त तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात राहिलाच, आणि त्यात पकडलेल्या माणसावर अवलंबून असलेले मूल बालन्यायालयाकडे धाडण्याची तरतूदही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातील शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. भिक्षेबद्दल आईला अटक आणि मुलाला बालगृह, हा न्याय १९११ च्या १७ व्या कलमाला अगदीच परका नाही.

२०/
आजचा कायदा उलट बोलतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांत मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की केवळ दारिद्र्य हे मूल घरातून काढण्याचे कारण होऊ शकत नाही. ते त्या घराला मदत देण्याचे कारण आहे. मदतीचे मार्गही कागदावर आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्व महिना ४,००० रुपये. राज्याची बालसंगोपन योजना महिना २,२५० रुपये. ठाणे-कल्याणच्या फलाटांवर सापडलेली मुले घरी पोहोचवण्याचे काम समतोल फाउंडेशनसारख्या संस्था करतात.

२१/
परंतु या योजनांसाठी लागतात कागद : जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, बँक खाते, मृत्यूचा दाखला. सहा महिने भट्टीवर आणि सहा महिने पाड्यावर राहणाऱ्या बाईला रहिवासी मानायचे कुठले? आश्रमशाळेत मूल भरती करण्यासाठी जेवढी धावपळ यंत्रणा करते, तिच्या निम्मी धावपळ त्या बाईचे खाते उघडण्यासाठी केली असती, तर किती मुले घरी राहिली असती, हा हिशेब शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला मांडता येईल. तो कोणी मागितला पाहिजे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांपाशी माहितीचा अधिकार आहे आणि वेळही आहे. किल्ल्यांच्या वाटेवर ते याच पाड्यांतून जातात. माहुलीला जाणारा शहापूर तालुका ओलांडतो, गोरखगड चढणारा मुरबाड.

२२/
एक साधन तर हाताशीच आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे : मूल आईबापांसोबत जाईल आणि जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवावे. कल्पना नेमकी ताराबाईंची, फक्त कुरणाऐवजी तालुके. दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर ट्रक लागतात. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि मुले चढतात. किती मुलांच्या हाती ते कार्ड असते, आणि भट्टीजवळच्या शाळेच्या हजेरीपटावर जानेवारीत त्यांतील किती नावे चढलेली असतात, एवढे दोन आकडे जिल्हा परिषदेने दरवर्षी जाहीर करावेत.